अब्सामचा व्हायोलिनकार
(द्वितीय वर्ष, कला)

व्हायोलिन म्हटले की बहुतेकांच्या तोंडी एकच नाव येते, इटलीतील क्रेमोना गावच्या स्ट्रॅडिव्हेरीचे. ज्यांना गज कसा धरतात हे ठाऊक नाही त्यांनीही हे नाव ऐकलेले असते. पण मित्रहो, एक काळ असा होता, आणि तो थोडाथोडका नव्हे, चांगला शंभर वर्षांचा होता, की युरोपातील राजे, बिशप आणि नामांकित वादक उत्तम व्हायोलिन हवे असले म्हणजे आल्प्स पर्वतातल्या एका खेड्याची चौकशी करीत. त्या खेड्याचे नाव अब्साम आणि तिथल्या कारागिराचे नाव याकोब श्टायनर. आज संगीताचा खास अभ्यास करणारे सोडले तर हे नाव कोणी घेत नाही. त्याचे चरित्र वाचताना मला पुन्हा पुन्हा वाटत होते की ही केवळ संगीताची गोष्ट नाही. हाताने काम करणाऱ्या माणसाच्या पदरात काय पडते, याची ही गोष्ट आहे.

अब्साम हे गाव टिरोल प्रांतात, इन्सब्रुक शहराच्या पूर्वेला आहे. टिरोल आज ऑस्ट्रियात मोडतो. त्या काळी तिथे हाब्सबुर्ग घराण्याचे राज्य होते. लोकांची भाषा जर्मन. म्हणूनच व्हायोलिनच्या इतिहासात श्टायनर हा जर्मन परंपरेचा मूळपुरुष मानला जातो. गावाशेजारी हाल नावाचे शहर आहे आणि त्याच्या वरच्या डोंगरात मिठाची खाण होती. समुद्र नाही, मिठागर नाही, आणि मीठ डोंगरातून खणून काढायचे! मला तर ही कल्पनाच प्रथम खरी वाटली नाही. याकोबचा बाप मार्टिन हा खाणीत काम करणारा होता. खाणकामगाराच्या घरी जन्मलेल्या या मुलाचे जन्मसाल 1617 ते 1619 च्या दरम्यानचे धरतात. जुन्या पुस्तकांत 1621 हे साल तारखेसह छापलेले आढळते, पण ते आता कोणी मानीत नाही.

तो काळ सुखाचा नव्हता. 1618 साली सुरू झालेले तीस वर्षांचे युद्ध 1648 पर्यंत जर्मन मुलुख जाळीत होते. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यातील तेढ घराघरांत शिरली होती. टिरोल मात्र कट्टर कॅथलिक राहिला. इन्सब्रुकला हाब्सबुर्ग घराण्याच्या एका शाखेचा दरबार होता आणि त्या दरबाराला संगीताचे भारी वेड. इटालियन गवई आणि वादक तिथे नोकरीला असत; चेस्ती हा त्या काळचा मोठा संगीतकार 1652 पासून तिथे होता. इटलीहून जर्मन मुलुखाकडे जाणारा ब्रेनर खिंडीचा रस्ता इन्सब्रुकवरूनच जातो. त्या रस्त्याने माल येई, माणसे येत, आणि त्यांच्याबरोबर सूरही येत. खाणकामगाराच्या पोराच्या हातात व्हायोलिन कसे आले, याचे उत्तर बहुधा याच रस्त्यावर सापडते.

श्टायनर लिहायला-वाचायला शिकलेला होता. त्याची काही पत्रे आजही जपून ठेवलेली आहेत. त्याची व्हायोलिने पाहिली की क्रेमोनाच्या आमाती घराण्याची शैली त्याने नीट अभ्यासली होती हे तज्ज्ञांना चटकन कळते. पण ती नक्कल नव्हे. आमातीचे वळण घेऊन त्याने त्यातून स्वतःचे एक वाद्य उभे केले.

इथे थोडे लाकडाविषयी लिहिले पाहिजे. आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकाम चालत आले आहे, त्यामुळे हा विषय निघाला की मला राहवत नाही. व्हायोलिनची वरची फळी स्प्रूसची असते, पाठ आणि बाजू मेपलच्या. स्प्रूस हे आल्प्समध्ये उंचावर वाढणारे सूचिपर्णी झाड. थंडीमुळे ते हळूहळू वाढते, म्हणून त्याच्या वर्षावर्षाच्या रेषा एकमेकींना खेटून असतात आणि लाकूड हलके पण ताठ राहते. सूर वाहून नेण्यासाठी नेमके असेच लाकूड लागते. आता खरी गंमत पुढे आहे. ही फळी वाकवून फुगीर करीत नाहीत. जाड फळी घेऊन ती बाहेरून आणि आतून कोरीत कोरीत नेतात, शेवटी ती अवघी दोन-तीन मिलिमीटर उरते. कुठे केसभर जाड, कुठे केसभर पातळ, हे हात ठरवतो. सगळे भाग सरसाने चिकटवायचे. मी हे वडिलांना वाचून दाखवले तेव्हा त्यांनी रंधा खाली ठेवला. मग थोडा वेळ विचार करून त्यांनी विचारले की एका वाद्याला दिवस किती लागतात आणि मजुरी कशी धरतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले. दुसऱ्याचे उत्तर म्हणजे श्टायनरचे पुढचे आयुष्यच आहे.

त्याच्या व्हायोलिनची ओळख म्हणजे त्याचा फुगवटा. वरची फळी कडेपासून एकदम चढत जाते आणि मध्यावर चांगली उंच होते. स्ट्रॅडिव्हेरीचे वाद्य त्यामानाने सपाट. फळीवर जी इंग्रजी एफ अक्षराच्या वळणाची दोन भोके असतात ती श्टायनरच्या वाद्यात आखूड आणि रेखीव असतात. मानेच्या टोकाला सामान्यतः शंखासारखे वेटोळे कोरतात. श्टायनरने काही वाद्यांवर तिथे सिंहाचे मुख कोरले आहे. वाद्याच्या आत कारागिराच्या नावाची चिठ्ठी चिकटवण्याची प्रथा आहे. श्टायनर ही चिठ्ठी स्वतःच्या हाताने लिहीत असे. नाव, गावाचे नाव, जवळच्या शहराचे नाव आणि साल, एवढेच. ही चिठ्ठी वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचे फार काम पडणार आहे. त्याच्या वाद्याचा आवाज गोड, चमकदार, किंचित बासरीच्या वळणाचा असे. चर्च, दरबारी दालन, दहा-वीस श्रोत्यांची बैठक, अशा ठिकाणी तो आवाज थेट कानात उतरे.

खेड्यात बसून असे वाद्य विकणार कोणाला? श्टायनर स्वतः वाद्ये घेऊन फिरे. साल्झबुर्गच्या आर्चबिशपच्या दरबाराने 1644 पासून त्याच्याकडून वाद्ये घेतली. म्युनिक, ब्रिक्सेन, बोझेन अशा ठिकाणी त्याच्या फेऱ्या होत. आठवडी बाजाराला माल नेणारा कारागीर आणि हा, यांत मला फरक दिसत नाही. फक्त याचा बाजार डोंगरापलीकडे होता आणि गिऱ्हाईक राजेरजवाडे होते.

1645 साली मार्गारेटा होल्झहामर हिच्याशी त्याचे लग्न झाले. त्यांना नऊ अपत्ये झाली, आठ मुली आणि एक मुलगा. मुलगा लहानपणीच गेला. मुलगा नसला तर दुकान पुढे चालत नाही, असा तो काळ. क्रेमोनात आमातींच्या पिढ्यामागून पिढ्या एकाच धंद्यात राहिल्या, तसे अब्सामला घडले नाही. त्या मुलींपैकी एखादीच्या हातातही बापाची पटाशी शोभली असती असे मला वाटते, पण तसा विचार करणारे जग तेव्हा नव्हते.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत वरच्या ऑस्ट्रियातील किर्शडोर्फ या गावी त्याचा मुक्काम पडला आणि तिथे ह्युबमर नावाच्या व्यापाऱ्याचे त्याला देणे झाले. हे देणे त्याला आयुष्यभर पुरले. वीस वर्षांहून अधिक काळ मागणी, तक्रार, पुन्हा मागणी असे ते प्रकरण चालू राहिले. सावकाराचा कागद एकदा झाला की तो माणसापेक्षा जास्त जगतो, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको.

मानमरातब मात्र मिळत गेले. 1658 साली आर्चड्यूक फर्डिनांड कार्ल याने त्याला आपल्या सेवकवर्गात घेतल्याची पदवी दिली. 1669 च्या जानेवारीत खुद्द सम्राट लिओपोल्ड पहिला याने असाच किताब दिला. या किताबांबरोबर मोठा पगार येत नसे. शाल आणि नारळ मिळावा तसे ते होते; अंगावर शाल, घरात देणेकरी.

या काळात त्याचे नाव किती मोठे होते याची एक मजेदार हकिगत आहे. मोराव्हियात ओलोमोत्सच्या बिशपकडे हाइनरिश बीबर नावाचा तरुण व्हायोलिनवादक नोकरीला होता. 1670 साली बिशपने त्याला श्टायनरकडून नवी वाद्ये आणण्यासाठी अब्सामला धाडले. बीबर निघाला, वाटेत साल्झबुर्गला थांबला आणि तिथल्या आर्चबिशपच्या नोकरीला लागून मोकळा झाला! अब्सामला तो पोहोचलाच नाही. बिशप अर्थातच चिडला. हाच बीबर पुढे त्या शतकातील सर्वांत मोठ्या व्हायोलिनकारांपैकी, म्हणजे वादक-रचनाकारांपैकी, एक ठरला. श्टायनरच्या दारी येणारे एक मोठे गिऱ्हाईक मात्र असे वाटेतच अडकले.

श्टायनरच्या दारी तेव्हा दुसरेच लोक येत होते. 1668 च्या सुमारास त्याच्यावर पाखंडाचा आरोप आला. ल्यूथरच्या पंथाची निषिद्ध पुस्तके त्याने बाळगली आणि वाचली असा संशय होता. आज पुस्तक वाचल्याबद्दल चौकशी म्हणजे आपल्याला नवल वाटेल. पण टिरोलमध्ये तेव्हा ही गोष्ट जिवावर बेतणारी होती. 1669 साली त्याला तुरुंगात टाकण्यात आले. साल पाहा. जानेवारीत सम्राटाचा किताब आणि त्याच वर्षी तुरुंग! तो काही काळाने सुटला, पण काम थांबले, खर्च वाढला आणि गावात नावाला डाग लागला तो लागलाच.

मला या प्रसंगाचे फार कौतुक वाटते, आणि ते कौतुक कोणाच्या पंथाचे नव्हे. खाणकामगाराचा मुलगा, दिवसभर हातात पटाशी धरणारा, रात्री पुस्तक उघडतो. घरात पहिले पुस्तक आणणाऱ्याकडे आजूबाजूचे लोक कसे पाहतात याचा थोडा अनुभव आमच्यासारख्या मुलांना असतो. पुस्तक म्हणजे काहीतरी आपल्या पायरीबाहेरचे, असे त्यांना वाटते. श्टायनरच्या बाबतीत ते खरोखरीच तुरुंगापर्यंत गेले.

सुटल्यावर त्याने पुन्हा काम सुरू केले. त्याची उत्तम मानली जाणारी काही वाद्ये या नंतरच्या वर्षांतली आहेत. परंतु 1675 नंतर त्याच्या मनाचा तोल अधूनमधून जाऊ लागला. उदासी येई, कधी उन्माद चढे. बरे वाटले की तो पुन्हा कामाला बसे. 1682 सालापर्यंतची त्याची वाद्ये सापडतात. 1683 साली त्याचा मृत्यू झाला. मार्गारेटा त्याच्यानंतर सहा वर्षे जगली आणि 1689 साली दारिद्र्यातच वारली.

मेल्यानंतर माणूस गरीब राहत नाही, त्याच्याभोवती दंतकथांची श्रीमंती जमते. श्टायनरविषयी एक कथा अशी की बायको मेल्यावर तो मठात गेला, तिथे बसून त्याने बारा अप्रतिम व्हायोलिने केली आणि ती सम्राटाला व जर्मन राजांना अर्पण केली. या बारा व्हायोलिनांच्या नावावर पुढे अनेकांनी पैसे कमावले. पण बायको तर त्याच्या मागे सहा वर्षे जिवंत होती! एवढी साधी गोष्ट कोणी पडताळून पाहिली नाही. दुसरी कथा अशी की वेडाच्या भरात त्याला घरातल्या बाकाला बांधून ठेवीत. त्या बाकाचे भोकही लोक पाहुण्यांना दाखवीत. वाल्टर झेन नावाच्या अभ्यासकाने जुने दप्तर तपासून 1951 साली त्याचे चरित्र प्रसिद्ध केले, तेव्हा कागदावरचा श्टायनर आणि कथांमधला श्टायनर वेगळे झाले. इतिहासाच्या तासाला अस्सल साधनांचे महत्त्व आम्हाला सांगितले जाते, त्याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे मिळाले नाही.

आता चिठ्ठीकडे येतो.

अठराव्या शतकात श्टायनरच्या व्हायोलिनला स्ट्रॅडिव्हेरीपेक्षाही अधिक मान आणि अधिक किंमत होती. योहान सेबास्टियन बाख 1750 साली वारला तेव्हा त्याच्या मालमत्तेची यादी झाली. त्या यादीत श्टायनरचे म्हणून एक व्हायोलिन आहे, किंमत 8 टालर. शेजारीच एका साध्या व्हायोलिनची किंमत 2 टालर. नाव जडले की किंमत चौपट! मग नावच का विकू नये? जर्मन मुलुखातल्या कारागिरांनी फुगीर पाठीची, आखूड भोकांची व्हायोलिने करायला सुरुवात केली आणि आत श्टायनरच्या नावाची चिठ्ठी चिकटवू लागले. सुरुवातीला यात सगळी फसवेगिरी नव्हती. श्टायनरच्या पद्धतीचे वाद्य, एवढाच अर्थ असे. पुढे तो अर्थ पुसट झाला.

या कामाची दोन मोठी गावे. पहिले बव्हेरियातील मिटनवाल्ड, अब्सामपासून फार दूर नाही, मध्ये फक्त कार्वेंडेलचे डोंगर. बोझेनचा मोठा व्यापारी बाजार 1487 पासून मिटनवाल्डला भरत असे, तो 1679 साली परत गेला आणि गाव उघडे पडले. त्याच सुमारास माटियास क्लोट्झ (1653 ते 1743) हा गावचा मुलगा इटलीत पादुआ येथे सहा वर्षे काम करून शिकून आला आणि त्याने गावात व्हायोलिनचा धंदा रुजवला. क्लोट्झ हा श्टायनरचा शिष्य असे पूर्वी सांगत, त्याला पुरावा नाही. पण त्याच्या आणि त्याच्या मुलांच्या वाद्यांवर श्टायनरची छाप स्पष्ट आहे. साल्झबुर्गच्या दिवसांत मोझार्ट जे व्हायोलिन वाजवी ते या क्लोट्झ घराण्याच्या हातचे मानतात. मिटनवाल्डचे फेरीवाले पाठीवर व्हायोलिने लादून देशोदेशी विकत हिंडत. 1858 साली तिथे व्हायोलिन तयार करण्याची शाळा निघाली, ती आजही चालते. क्लोट्झचा पुतळा 1890 साली गावच्या चर्चसमोर उभा राहिला.

दुसरे गाव सॅक्सनीतील मार्कनॉयकिर्शेन. बोहेमियात कॅथलिक सत्तेचा जाच वाढला तेव्हा ल्यूथरपंथी कारागीर सीमा ओलांडून इथे आले आणि 1677 साली बारा जणांनी आपला संघ स्थापला. ज्या पंथाच्या पुस्तकांपायी श्टायनर तुरुंगात गेला, त्याच पंथापायी घरदार सोडलेल्या माणसांच्या नातवंडा-पणतवंडांनी त्याच्या नावावर पोट भरले. हा योगायोग मला तरी कुठल्या पुस्तकात लिहिलेला आढळला नाही. एकोणिसाव्या शतकात तिथे कामाची वाटणी झाली. एका घरात फक्त माना कोरत, दुसऱ्यात पाठी, तिसऱ्यात खुंट्या. व्यापारी सगळे गोळा करून जोडून घेत आणि पेट्या भरभरून जगभर पाठवीत. मालाची उलाढाल एवढी की अमेरिकेने 1893 साली या लहानशा गावात आपली वकिलात उघडली. घरी बसून माना कोरणाऱ्याला किती मिळे? फार थोडे. सगळे कुटुंब, लहान पोरांसकट, कामाला जुंपलेले असे.

हीच व्हायोलिने बोटींतून आपल्याकडेही आली. गोव्यातील चर्चच्या संगीतशाळांत, मुंबईच्या वाद्यवृंदांत, पुढे गावोगावच्या बँडपथकांत जर्मन व्हायोलिने खपली. आमच्या तालुक्यातील एका बँडवाल्या काकांकडे असे एक आहे. त्यांच्या आजोबांनी मुंबईहून आणलेले. घोडी बदललेली, रोगण उडालेले, पण पाठ अशी फुगीर की हात ठेवावासा वाटतो. मी बॅटरी घेऊन भोकातून आत पाहिले. पिवळ्या पडलेल्या कागदावर छापील अक्षरांत याकोबुस श्टायनर, अब्साम, आणि साल सतराशेच्या पुढचे! चिठ्ठी छापील, आणि साल मरणानंतरचे. श्टायनरची नव्हेच. मी काकांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले की त्यांना ते कधीच अस्सल वाटले नव्हते, पण आवाज गोड आहे एवढे ठाऊक आहे. मग त्यांनी एक जुने नाट्यपद वाजवून दाखवले. आवाज खरोखरच गोड होता. कोणत्या सॅक्सन बाईने किंवा पोराने ती पाठ कोरली असेल, तिचे नाव मात्र कुठल्याच चिठ्ठीवर नाही.

श्टायनरचा मान गेला तो नकलांमुळे नव्हे. जग बदलले. 1782 साली व्हिओत्ती या इटालियन वादकाने पॅरिस गाजवले आणि त्याच्या हातातल्या स्ट्रॅडिव्हेरीकडे सगळ्यांचे लक्ष गेले. संगीत दरबारातून मोठ्या सभागृहांत आले होते, तिकीट काढून हजार माणसे बसत. तिथे शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा दमदार आवाज हवा होता. सपाट पाठीचे वाद्य तो देई, श्टायनरचे फुगीर वाद्य देत नसे. एकोणिसाव्या शतकात जुन्या व्हायोलिनांच्या माना बदलून लांब केल्या, तारांचा ताण वाढवला. श्टायनरच्या कित्येक वाद्यांवरही हाच प्रयोग झाला. बैठकीच्या गवयाला लाउडस्पीकरपुढे ओरडायला लावावे तसेच ते.

विसाव्या शतकात जुने संगीत जुन्याच वाद्यांवर, आतड्याच्या तारांवर वाजवावे असे मानणारे वादक पुढे आले आणि श्टायनरची पुन्हा विचारपूस सुरू झाली. त्यांना हवे होते न बदललेले वाद्य, आणि तसे फार थोडे उरले होते. त्यांपैकी एक अमेरिकेत साउथ डाकोटा राज्यातील संगीतवाद्यांच्या संग्रहालयात आहे. त्याची मान बदललेली नाही. ते 1668 साली झालेले, म्हणजे अब्सामच्या त्या घरावर पुस्तकांचा आरोप येत होता त्या वर्षातले.